माहितीच्या खोलीतल्या अक्कांना

अक्का,

तुमच्या जागी अजून कोणी बसत नाही. खोलीत खुर्च्या दोन आहेत, एक बाकडं आहे, पण तुम्ही बसायच्या उंबऱ्यावर, डाव्या चौकटीला पाठ टेकून. काल बाजारच्या दिवशी खोली उघडली तेव्हा पाहिलं, आत येणारा प्रत्येक माणूस उजवीकडून अंग चोरून येत होता. जागा मोकळी असूनसुद्धा. तुमची भाजीची पाटी तिथं असायची, कुणाचा पाय लागला की तुम्ही ओरडायच्या, "दिसत न्हाई का? का तुमाला बी डोळ्याच्या डाक्टरकडं धाडू?" त्या धाकानं असेल.

तुमच्या तेराव्याला रामभाऊंनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. तुमच्या भावाचा शब्द मोडवेना म्हणून उभा राहिलो. समोर पन्नासेक माणसं बसलेली. त्यांतली निम्मी या खोलीत येऊन गेलेली, कुणाच्या काखेत कुबडी, कुणाच्या शेजारी हाताला धरून आणलेला म्हातारा. मी "अक्का" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं मला भरून आलं. तसं नव्हतं हो. मला जे बोलायचं होतं ते तुमच्याशी बोलायचं होतं, त्या पन्नास जणांशी नव्हतं. ते राहिलेलं आज लिहितोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, सगळे कागद मीच मोठ्यानं वाचून दाखवायचो. त्या सवयीनं हेही एकेक ओळ मोठ्यानं म्हणत लिहितोय. वाचनालयात या वेळी कोणी नसतं.

तीन वर्षांपूर्वी ही खोली म्हणजे वाचनालयाची अडगळ होती. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, मोडकं कपाट, उंदीर. मी ग्रंथपाल, म्हणजे पुस्तकं देणारा, घेणारा आणि झाडून काढणाराही. डावा पाय दुसऱ्या वर्षीच तापात गेलेला. माझ्या वडिलांना बाजारात एक ओळखीचा कंपाउंडर भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, पुण्याला लोखंडी पट्ट्यांचा बूट करून देतात, त्यानं पोरगं चालतं. वडील मला खांद्यावर घेऊन गेले. तो कंपाउंडर त्या दिवशी दुसऱ्या गल्लीनं गेला असता, तर मी आजही जमिनीवरून सरकत असतो. हा विचार मला लहानपणापासून छळायचा. आपल्या भागातल्या कितीजणांना तो कंपाउंडर भेटलाच नसेल.

म्हणून वहीत पत्ते जमवायला लागलो. आंधळ्यांची शाळा कुठं, बहिऱ्या-मुक्यांची कुठं, लाकडी पाय कुठं होतो, कुठल्या दवाखान्यात कुठल्या वारी हाडांचा डॉक्टर येतो. वाचनालयाच्या समितीकडं खोली मागितली. ती त्यांनी दिली, पण हसत दिली. मी पाटी रंगवली: "अपंगांसाठी माहिती व सल्ला. दर बाजारच्या दिवशी." दोन महिने एकही माणूस आला नाही. एकजण आला होता, तो कांद्याला कुठलं खत घालावं ते विचारायला.

मग तुम्ही आलात. मेथीच्या जुड्या विकून संपल्या होत्या, रिकामी पाटी काखेत होती. दारात उभं राहून विचारलंत, "हितं काय मिळतं?"

"माहिती मिळते," मी म्हणालो.

"म्हाईती म्हंजी? खायाची का ल्यायाची?"

मला हसू आलं. मग तुम्ही पदराखालचा उजवा हात बाहेर काढलात. मनगटाच्या वर चार बोटं, तिथं संपलेला. "ह्याला काय म्हाईती हाय तुमच्याकडं?"

मी उत्साहानं वही उघडली. पुण्याला लाकडाचा हात बसवून देतात, पट्ट्यानं खांद्याला अडकवायचा, दिसायला अगदी हातासारखा. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.

"त्यो हात भाकरी थापील का?"

"नाही. भाकरी नाही थापणार."

"मंग नगं. डाव्या हातानं आन् ह्या थोटानं म्या थापती की." आणि तिथंच उंबऱ्यावर बसलात. "माझं ऱ्हाऊ द्या. तुमी ही पाटी कुनासाठी लावली?"

"ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी."

"त्यातल्या कुनाला वाचता येतं?"

अक्का, माझ्या दोन महिन्यांच्या शहाणपणाचा निकाल तुम्ही एका वाक्यात लावलात. तुम्हीच पुढं म्हणालात, "आवो, ज्याला हे कळाया पायजे त्यो बाजारात येतच न्हाई. त्याला घरात ठिवत्यात. म्या सांगती तुमाला कुनाकुनाच्या घरात कोन हाय ते. लिवून घ्या."

त्या दिवशी मी अठरा नावं लिहून घेतली. सोनईतली, आसपासच्या वस्त्यांवरची. भाजी विकता विकता बायका तुमच्याशी बोलायच्या ते सगळं तुमच्या डोक्यात होतं. तुमचं मात्र मी त्या दिवशीही विचारलं नाही, नंतरही नाही. एवढंच कळलं की पाथर्डीच्या पलीकडं सासर, तुम्ही इकडं ऊसतोडीला आला असताना गुऱ्हाळावर चरकात ऊस घालताना हात गेला, आणि हात गेला तसं सासर सुटलं. "सुटलं" एवढाच शब्द तुम्ही वापरलात. मी पुढं विचारलं नाही. तुमची इच्छा नसेल असं मी धरून चाललो. खरं तर मला विचारायची हिंमत नव्हती.

तुम्ही मला टेबलामागून उठवलंत. माझ्या लक्षातही आलं नव्हतं ते तुम्ही तिसऱ्याच भेटीत बोललात: "भाऊ, तुमी टेबलाखाली पाय लपवून बसता आन् लोकांना म्हनता लाजू नका." मला राग आला होता. घरी गेलो, जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर वस्तीवर चालत निघालो.

तुमची चाल झपाझप. माझा लोखंडी बूट ढेकळांत अडकायचा. तुम्ही पुढं जायच्या आणि मग थांबून पायातला काटा काढत बसायच्या. एका हातानं काटा काढायला वेळ लागतो, तेवढ्यात मी तुम्हाला गाठायचो. मैलभरात तुम्हाला चार-पाच काटे टोचायचे. एवढे काटे कुणाच्या पायात जात नाहीत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही. तुम्हीही कधी बोलला नाहीत. आता सांगतो: त्या काट्यांबद्दल मी तुमचा फार ऋणी आहे.

शिंगणापूरला गेलो होतो ते आठवतं? त्या गावात घरांना दारं नसतात म्हणून लांबलांबची माणसं बघायला येतात. आपण एका घरात गेलो, विशीतली मुलगी मागच्या खोलीत बसलेली होती, तिला वेडी म्हणायचे. तुम्ही तिच्यामागं जाऊन पितळी तांब्या फरशीवर टाकलात. ती वळलीसुद्धा नाही. "येडी न्हाई वं," तुम्ही तिच्या आईला म्हणालात, "तिला ऐकू येत न्हाई. तुमी वीस वर्सं येका बहिऱ्या पोरीवर वरडताय." ती आई भिंतीला धरून खाली बसली.  परत येताना गावाजवळ आल्यावर तुम्ही म्हणालात, "दार नसलं तरी मानूस कोंडता येतं, भाऊ."

लोक बोलायला लागले होते, ते तुम्हाला माहीत होतं. टाकलेली बाई आणि बिनलग्नाचा माणूस, दोघं मिळून रानोमाळ फिरतात. समितीच्या एका सभासदानं मला बाजूला घेऊन सांगितलं, जरा जपून राहा. मी ते चाचरत तुमच्या कानावर घातलं. तुम्ही पाटी डोक्यावर घेता घेता म्हणालात, "त्यास्नी म्हनावं, दोघं मिळून कसंबसं येक धड मानूस हुतंय. त्यात कसला आलाय बोभाटा?" आणि हसत निघून गेलात. मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र ते वाक्य बराच वेळ मनात घोळवत बसलो, आणि हसू येईना.

आता काशीचं. तुम्हाला वाटत असेल मी ते टाळून जाईन.

धोंडीबाची काशी, सात वर्षांची, देवी येऊन गेल्या त्यात दोन्ही डोळे गेलेले. तुम्हीच तिच्या बापाला महिनाभर समजावून या खोलीत आणलं होतं. ठरलं होतं ते एवढंच की आंधळ्यांच्या शाळेचं सांगायचं. तिथं पोरीला बोटांनी वाचायला शिकवतात, ती तिथंच राहील, सुट्टीत घरी येईल. पण त्याच आठवड्यात मी वर्तमानपत्रात वाचलं होतं की शहरात मेलेल्या माणसाच्या डोळ्याचा पडदा काढून आंधळ्याच्या डोळ्याला बसवतात आणि दिसायला लागतं. मी ते कात्रण कापून ठेवलं होतं. धोंडीबा समोर बसला, काशी त्याच्या मांडीवर, आणि मी शाळेचं बोलायच्या आधी ते कात्रण त्याच्या हातात दिलं.

तुम्ही उंबऱ्यावरून माझ्याकडं पाहिलंत. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

धोंडीबा आणि त्याची बायको पोरीला घेऊन शहरात गेली. दहा दिवस एका धर्मशाळेत राहिली. डॉक्टर भला होता, त्यानं नीट तपासून सांगितलं की ह्या पोरीच्या डोळ्यांचं आतलंच सगळं गेलंय, पडदा बदलून काही होणार नाही. परत आल्यावर धोंडीबा इथं आला. घडी घालून घालून फाटत आलेलं ते कात्रण त्यानं टेबलावर ठेवलं. "हे तुमचं कागूद," म्हणाला. "जाताना समद्या वाटंनं पोर इचारीत हुती, आता झाडं दिसतील का, आता बैल दिसंल का." मी शाळेचं काढलं तर हात जोडले त्यानं. "आता तुमचं काय बी नगं."

तो गेल्यावर तुम्ही जे बोललात ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"तुमी त्याला म्हाईती दिली न्हाई. आशा दिली."

"आशा देणं गुन्हा आहे का?"

"जे डोळ्यानं बघितलंय तेवढंच सांगाया पायजे. त्या दवाखान्यात तुमी गेल्ता का? कुनाला दिसाया लागलेलं बघितलं का?"

"अक्का, तसं केलं तर घरातून कोणी उठणारच नाही. राहुरीकडच्या त्या पाय तुटलेल्या गड्याला मी लाकडी पायाचं सांगितलं तेव्हा तरी मी कुठं काय पाहिलं होतं? आज तो नांगरामागं चालतो."

"चालतो. येक लागलं, येक चुकलं. आसंच ना? मंग जाऊन काशीला सांगा, बाई, तू त्ये चुकलेलं हायेस म्हनून."

 तुम्ही पाटी उचलून गेलात आणि पुढचे दोन बाजार आला नाहीत.

त्या दोन बाजारांत मला कळलं की ही खोली तुमच्याशिवाय म्हणजे फक्त चार भिंती आणि एक वही आहे. पण तुम्ही परत आलात तेव्हा मी चुकलो असं म्हणालो नाही. उलट पुन्हा वाद घातला. वर्षभर घातला. तुम्ही खऱ्याची बाजू धरलीत, मी आशेची. मला अजूनही वाटतं की मी अगदीच खोटा नव्हतो. पण तुमच्याशी भांडताना मी राहुरीच्या गड्याचं नाव घ्यायचो आणि तुम्ही काशीचं, आणि दर वेळी माझा आवाज आधी खाली यायचा. मग दुष्काळ पडला. धोंडीबाचं बिऱ्हाड कामाच्या शोधात निघून गेलं. कुणी म्हणतं नाशिककडं, कुणी म्हणतं थेट मुंबईला. काशी कुठं आहे, मला माहीत नाही. माझ्या वहीत तिच्या नावापुढची जागा कोरी आहे.

दुष्काळाचं ते वर्ष आठवलं की मला खडीचा आवाज ऐकू येतो. गावोगाव सरकारी कामं निघाली होती, लोक रस्त्यावर खडी फोडत होते. आपल्याकडं येणारी माणसं मात्र कामावर गेली की परत पाठवली जात. मुकादम म्हणायचा, धडधाकट माणसांना काम पुरत नाही, ह्यांना कुठं घेऊ? घरात खाणारी तोंडं तेवढीच, आणि ह्यांच्या वाट्याला तेवढंही येईना. सखाराम तुमच्याकडं रडत आला होता. कंबरेखाली दोन्ही पाय वाळलेले, हातांवर सरकत चालणारा माणूस, पण दंड पैलवानासारखे.

मी अर्ज लिहायला घेतला. तुम्ही म्हणालात, "लिवा, पर त्यो पोचंपतूर मानसं मरत्याल. उद्या समदे तिकडं जाऊ."

दुसऱ्या दिवशी दोन बैलगाड्या भरून अकरा माणसं आपण त्या रस्त्यावर उतरवली. एकजण बहिरा, दोघं आंधळे, बाकीचे कुणी पायानं, कुणी हातानं. मी अर्ज घेऊन त्या कामावरच्या ओव्हरसियरपुढं उभा राहिलो. माणूस वाईट नव्हता, उन्हानं आणि कटकटीनं पिचलेला होता. "अहो, उद्या ह्यांतल्या कुणाला काही झालं तर माझी मान अडकेल," तो म्हणाला. "तुम्ही शिकलेले दिसता, तुम्हाला कळायला हवं."

मी अर्जातलं वाक्य पुन्हा वाचून दाखवायला लागलो. तेवढ्यात मागं ठक्‌ ठक्‌ असा आवाज सुरू झाला. तुम्ही बसला होतात. दगड दोन्ही पायांच्या तळव्यांत धरलेला, डाव्या हातात हातोडा. पहिला घाव चुकला, दुसरा बसला, दगड दुभंगला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सायेब, खडी फोडायला पाय कशाला लागत्यात? ह्या सखारामाला हितं बसवा. सांच्याला उचलून न्यायचं काम आमचं. आन् आंधळ्याला खडी फोडता येत न्हाई, पर घमेलं उचलता येतं. फुडं येक डोळस लावा, त्याच्या खांद्यावर हात ठिवून जाईल त्यो."

ओव्हरसियरनं दुभंगलेला दगड पायानं उलटून पाहिला. शेवटी म्हणाला, "एक दिवस बसू द्या. संध्याकाळी माप घेतो."

त्या दिवसाचं ऊन मला अजून आठवतं. मी सावली नव्हती तिथं दिवसभर उभा होतो, कारण बसलो असतो तर मी हातोडा घ्यायला हवा होता, आणि मला तो धड धरता येत नव्हता. तुम्ही पाणी फिरवत होतात, मधूनच फोडत होतात, सखारामाला शिव्या देत होतात. संध्याकाळी मापाची पेटी आणली. सगळ्यांचा मिळून ढीग तिच्यात भरला आणि पेटी भरून वर उरला. ओव्हरसियरनं एकदा ढिगाकडं पाहिलं, एकदा तुमच्याकडं, आणि मुकादमाला म्हणाला, "उद्यापासून ह्यांची नावं घ्या."

अकरा नावं हजेरीत लागली. तुम्ही स्वतःचं लावलं नाहीत. तुम्हाला दुसऱ्या दिवशी पुढच्या कामावर जायचं होतं, तिथं आणखी सहाजण होते. गाडीत परत येताना तुम्ही फोड आलेला तळहात मांडीवर उघडा ठेवून बसला होतात. मला त्या हातावर ओलं फडकं ठेवावंसं वाटलं. ते माझ्या खिशात होतंही. पण गाडीत माणसं होती, आणि मी त्या सभासदाचं बोलणं आठवून हात खिशातच ठेवला. अक्का, मला आयुष्यात ज्याची लाज वाटते अशा गोष्टींत काशीच्या खालोखाल ही आहे.

श्रावणात तुम्हाला ताप आला. सगळ्या जगाला डॉक्टरकडं धाडणारी बाई, स्वतः मात्र झाडपाल्याचे काढे पीत घरात पडून राहिली. मला कळलं तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. रामभाऊंनी आणि मी नगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. नाव नोंदवायला रामभाऊ गेले, मी तुमच्यापाशी थांबलो. डॉक्टर म्हणाले, काविळीला फार उशीर झाला. मी दुसऱ्या खेपेला भेटायला आलो तेव्हा तुम्ही भिंतीकडं तोंड करून होतात. माझ्या बुटाचा आवाज ऐकून वळलात.

"खोली उघडली का न्हाई?"

"उघडली."

"कोन आलं?"

मी सगळं सांगितलं. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मग म्हणालात, "काशीचं काय कळलं?"

"नाही."

"इचारीत ऱ्हावा."

मी वाकलो. म्हणणार होतो की अक्का, माझंच चुकलं त्या दिवशी, कात्रण द्यायला नको होतं. इतकं साधं वाक्य. पण भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, परिचारिका सगळ्यांना बाहेर काढायला लागली, आणि मी म्हणालो, "उद्या येतो." तुम्ही मान हलवलीत. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा रामभाऊ व्हरांड्यात जमिनीवर बसले होते.

आता कालचं सांगतो, कारण ते तुम्हालाच सांगायचंय.

बाजार उठत आला होता. मी खोली बंद करणार, तेवढ्यात एक बाई दारात आली. तिशीच्या आतबाहेरची, लांबून आलेली, पायांवर धूळ. कडेवर चारेक वर्षांची पोर. तिचा डावा पाय आत वळलेला होता, तळवा वरच्या बाजूला.

"सगुनाबाई हितं बसत्यात का?" तिनं विचारलं.

"या नावाचं इथं कोणी नाही, बाई," मी म्हणालो.

ती गोंधळली. पोरीला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "बाजारच्या दिशी, वाचनालयाच्या खोलीत, आसाच निरोप हुता. उजव्या हातानं थोट्या हायेत. हितं नसत्यात का त्या?"

अक्का, तीन वर्षांत शेकडो माणसांची नावं मी वहीत लिहिली. बापाचं नाव, गाव, वय, अपंगत्व, सगळं. आणि तुमचं नाव मला त्या अनोळखी बाईकडून कळलं. माझ्या त्या पहिल्या उत्तरावर ती वळली असती तर तशीच माघारी गेली असती, आणि मी तिला हाकललं म्हणून मला कधी कळलंही नसतं.

मी तिला बसवलं, पाणी दिलं. मग सांगितलं. ती रडली नाही. पदर डोक्यावरून पुढं ओढला, घरातलं वडील माणूस गेल्यावर ओढतात तसा.

"तुम्ही त्यांच्या कोण?" मी विचारलं.

"म्या हौसा. त्यांची सवत." ती खाली बघत बोलत होती. "त्यांचा हात गेला तवा मालकानं त्यास्नी म्हायेरी धाडलं आन् मला आनलं. माझी पोर आशी जलमली तवा मालक म्हनला, हिला कोपऱ्यात ठिव, कुनाला दावू नगं. आन् मागल्या दिवाळीच्या म्होरं ऊसतोडीच्या गाड्या ह्या रस्त्यानं आल्या, तवा आमच्या गावच्या बायकांकडनं त्यास्नी पोरीचं कळलं, आन् त्यांच्यासंगंच त्यांनी निरोप धाडला. हौसाला म्हनावं, पोरीचा पाय घिऊन माझ्याकडं ये." ती थांबली. "म्हनलं, ह्या बाई मला हिनवायाला बलावत्यात. वरीसभर आलेच न्हाई. पर दोनदा, तिनदा निरोप आला. शेवटचा निरोप आला त्यात म्हनल्या, मला तुझं काय बी म्हननं न्हाई, पोरीचं वय निघून चाललंय."

तुम्ही मला यातलं काही सांगितलं नाहीत. उसाच्या गाड्या दिसल्या की तुम्ही भाजीची पाटी तशीच टाकून रस्त्यावर का धावत जायच्या, ते मला काल कळलं. मी समजत होतो, सासरकडचं कोणी ओळखीचं भेटेल म्हणून जाता.

हौसाबाई उठायला लागल्या. "आता त्या न्हाईत, तर जाते म्या."

माझ्या तोंडावर आलं होतं, पाय सरळ होईल, काळजी करू नका. ते मी गिळलं. म्हणालो, "पाय बरा होतो की नाही ते मला ठाऊक नाही. हाडांचा डॉक्टर उद्या नगरला येतो. त्याला दाखवू. मी बरोबर येतो."

त्या रात्री मायलेकी रामभाऊंकडं राहिल्या. रामभाऊंच्या बायकोनं त्यांना तुमचं अंथरूण दिलं.

आज सकाळच्या एस.टी.नं आम्ही नगरला गेलो. पोरीचं नाव मंदा. इमामपूरच्या घाटात तिला ओकारी झाली, मग ती माझ्या बुटाच्या लोखंडी पट्ट्यांवर बोट फिरवत बसली, वरून खाली, खालून वर. तिनं पूर्वी कधी दुसऱ्याचा वाकडा पाय पाहिला नसावा.

दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीशी रांग होती. कारकुनानं पोरीचं नाव, गाव, वय लिहिलं. मग माझ्याकडं पाहून विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?"

 मी हौसाबाईंचा कोणी नाही. तुमचा कोण होतो, ते तीन वर्षांत मी स्वतःशीसुद्धा कधी धड म्हणालो नव्हतो. मागची माणसं ढकलायला लागली.

"मामा हायेत," हौसाबाई म्हणाल्या.

कारकुनानं मान वर न करता लिहून घेतलं.

डॉक्टरांनी पाय हातात धरून हळूहळू वळवून पाहिला. म्हणाले, उशीर केलाय, पण अगदी वेळ गेलेली नाही. प्लॅस्टर घालून पाहू, दर काही दिवसांनी बदलावं लागेल, कदाचित पुढं ऑपरेशनही करावं लागेल. पूर्ण सरळ होईल असं मी आत्ता म्हणत नाही. हौसाबाईंनी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं आणि ते पुन्हा पुन्हा तेच म्हणाले. मायलेकींना त्यांनी ठेवून घेतलं. मी निघालो तेव्हा मंदा नव्या पांढऱ्या प्लॅस्टरवर नख घासून पाहत होती.

संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत आलो. खिडकीशी जागा मिळाली. झालेलं सगळं कुणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं, आणि सांगायला कोण आहे याचा विचार घोडेगाव येईपर्यंत करत होतो. सोनईला उतरलो, वाचनालय उघडलं, आणि हे लिहायला बसलो.